कोझिकोड, मे २०१८ : निपाहचा फैलाव रुग्णालयात कसा झाला आणि कसा थांबला

केरळमधल्या कोझिकोड जिल्ह्यात मे २०१८ मध्ये निपाह विषाणूचा उद्रेक झाला. नंतरच्या शास्त्रीय तपासात एकूण २३ रुग्ण मोजले गेले. त्यांतले १८ प्रयोगशाळेत पक्के झालेले होते आणि ५ संभाव्य. २३ पैकी २१ जण दगावले. सरकारी आकडा सुरुवातीला याहून कमी होता, कारण तपासणीसाठी नमुना घेण्याआधीच जे गेले त्यांची गणना मागाहून झाली.

निपाह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वटवाघळं येतात आणि अर्धवट खाल्लेली फळं. त्या महिन्यात केरळात लोकांनी आंबे, केळी घेणंही टाळलं होतं. पण वटवाघळाकडून माणसात हा विषाणू त्या वेळी एकदाच आला, असं तपासातून दिसतं. म्हणजे एकाच तरुणाकडे. उरलेल्या २२ जणांपर्यंत तो पोचला तो माणसांमार्फत, आणि तेही तीन रुग्णालयांच्या भिंतींच्या आत. घरात, बाजारात, बसमध्ये नव्हे. मला हे प्रकरण पुन्हा पुन्हा अभ्यासावंसं वाटतं ते या एका गोष्टीसाठी. जिथं आजारी माणूस बरा व्हायला येतो, तिथं धडधाकट माणसं आजारी पडली. त्यांतले बरेच जण त्या रुग्णाचे कोणीही नव्हते. ते फक्त त्याच वेळी तिथं होते.

पेरांब्रा ते मेडिकल कॉलेज

पहिला रुग्ण पेरांब्रा भागातल्या एका गावचा. ताप, डोकेदुखी, उलट्या, मग खोकला आणि ग्लानी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याला पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात दाखल केलं. प्रकृती ढासळली तसं कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हलवलं. तिथं ५ मे रोजी त्याचा मृत्यू झाला.

त्या क्षणी हा मृत्यू कोणालाही विशेष वाटला नाही, आणि त्यात डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. तापातून मेंदूला सूज येऊन तरुण माणूस जाणं आपल्या देशातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाला नवीन नाही. जपानी मेंदूज्वर असतो, डेंग्यू असतो, स्क्रब टायफस असतो, आणि पुष्कळदा नेमकं कारण कधीच कळत नाही. त्यात दक्षिण भारतात तोवर निपाहचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. भारतात आधीचे उद्रेक दोनच, २००१ मध्ये सिलिगुडीत आणि २००७ मध्ये नदिया जिल्ह्यात, दोन्ही पश्चिम बंगालमध्ये.

त्या तरुणाची शुश्रूषा करणाऱ्यांत पेरांब्रा रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुतुश्शेरी होत्या. त्या कंत्राटी नोकरीत होत्या. मेच्या मध्याला त्यांना ताप आला आणि २१ मे रोजी त्या गेल्या. मागे नवरा आणि दोन लहान मुलं. अतिदक्षता विभागातून त्यांनी नवऱ्याला लिहिलेली चिठ्ठी देशभर वाचली गेली आणि त्यांना शहीद म्हटलं गेलं. त्यांचा गौरव रास्तच आहे. पण फक्त गौरवावर थांबलो तर एक प्रश्न निसटतो. रात्रपाळीत खोकणाऱ्या, उलट्या करणाऱ्या रुग्णाजवळ जाताना त्या वॉर्डातल्या सिस्टरच्या हाताशी काय होतं आणि काय असायला हवं होतं? त्याग ही व्यवस्थेची गरज बनता कामा नये.

नाव सापडेपर्यंतचे पंधरा दिवस

पहिल्या रुग्णाचा मृत्यू ५ मेचा, आणि निपाह हे निदान पक्कं झालं २० मे रोजी. हे पंधरा दिवस या प्रकरणाचा गाभा आहेत.

निपाहचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत या उद्रेकात ६ ते १४ दिवस लागले, मध्यक साडेनऊ दिवसांचा, म्हणजे निम्म्या जणांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. ५ मेमध्ये साडेनऊ दिवस मिळवा. चौदा-पंधरा तारीख येते, आणि खरोखर मेच्या मध्याला एकामागून एक माणसं तापाने आजारी पडू लागली. ही माणसं वेगवेगळ्या गावांची होती, त्यामुळे त्यांच्यात काही समान धागा आहे हे वरवर दिसत नव्हतं. एक कुटुंब सोडून. पहिल्या तरुणाच्या भावाला १७ मे रोजी कोझिकोडमधल्या एका खासगी रुग्णालयात आणलं, तेव्हा त्याच्या घरातल्या आणखी माणसांना तसाच ताप होता आणि आधी घरातला एक जण तसाच गेला होता. अतिदक्षता विभागाचे डॉ. अनूप कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पकडला. नेहमीच्या मेंदूज्वरात न बसणारी लक्षणं आणि एकाच घरातले रुग्ण पाहून त्यांनी नमुने मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राकडे धाडले. तिथं डॉ. जी. अरुणकुमार यांच्या चमूने निपाह ओळखला.

पुढची पायरी पुण्याची. इतक्या घातक विषाणूवर काम करायला सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची, म्हणजे पातळी चारची प्रयोगशाळा लागते, आणि ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, एनआयव्हीत आहे. एनआयव्हीने २० मे रोजी निदानावर शिक्कामोर्तब केलं. भाऊ मात्र १८ मे रोजीच गेला होता. वडील आणि घरातल्या एक नातेवाईक बाईही वाचल्या नाहीत. एका कुटुंबातले चौघे गेले.

नमुना धाडल्यापासून दोन-तीन दिवसांत उत्तर मिळालं, ही त्या डॉक्टरांची आणि प्रयोगशाळांची मोठी कामगिरी. दुसऱ्याच रुग्णापाशी शंका आली हे जगभरच्या अनुभवाने पाहता फार लवकर आहे. सिलिगुडीत २००१ मध्ये ६६ रुग्ण झाले, ४५ गेले आणि आजाराचं नाव कळलं ते साठवलेल्या नमुन्यांवरून, काही वर्षांनी. तिथंही सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण रुग्णालयाचे कर्मचारी किंवा रुग्णाला भेटायला आलेले लोक होते.

तरीही हे कबूल करावं लागतं की निदान कितीही चपळ असलं तरी ते दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे पहिल्या रुग्णापासून लागण झालेल्या रुग्णांसाठी उशिराच आलं. त्यांना लागण झाली तेव्हा संशय घेण्याजोगं काहीच नव्हतं. मग त्यांना वाचवणारी गोष्ट कुठली असू शकली असती? निदानावर अवलंबून नसलेली. एवढंच उत्तर उरतं.

कॉरिडॉर

मेडिकल कॉलेजात पहिल्या रुग्णाला सीटी स्कॅनसाठी नेलं होतं. कॅज्युअल्टी आणि सीटी स्कॅन यांच्या मधला कॉरिडॉर लोकांनी भरलेला होता. तो जोरजोरात खोकत होता. तपास पथकाने नंतर आजारी पडलेल्यांच्या त्या दिवसातल्या हालचाली जुळवल्या, तेव्हा बरेच जण त्याच वेळी त्याच जागी होते असं निघालं. कुणी स्वतःच्या तपासणीसाठी आलेलं, कुणी आपल्या माणसासोबत आलेलं. या उद्रेकातल्या बहुतेकांना लागण थेट या एकाच रुग्णापासून झाली.

या कॉरिडॉरचं चित्र मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात सकाळी दहा वाजता सीटी किंवा सोनोग्राफीच्या दाराबाहेर उभं राहा. स्ट्रेचरवरचे रुग्ण भिंतीला लावून ठेवलेले असतात. प्रत्येकाभोवती दोन-तीन नातेवाईक, हातात फाइल आणि सलाइनची बाटली. त्यांच्या मधून वॉर्डबॉय दुसरं स्ट्रेचर काढतो. बाकावर गरोदर बाई, तिच्या शेजारी टीबीचा खोकला असलेला म्हातारा. खिडक्या बंद, किंवा नाहीतच. इथं रुग्ण वीस मिनिटं थांबतो, कधी दोन तास.

संसर्ग नियंत्रणाची आपली सगळी तयारी ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूभोवती उभी आहे. तिथं चपला बदलतात, गाऊन घालतात, हात घासून धुतात. कॉरिडॉर कोणाच्याच खात्यात नसतो. वॉर्डाची जबाबदारी सिस्टर इन्चार्जची, सीटीची जबाबदारी रेडिओलॉजीची, मधल्या पन्नास पावलांची कोणाचीच नाही. निपाहला तीच पन्नास पावलं पुरली.

दुसरी गोष्ट माणसांची. या उद्रेकातल्या बाधितांत कर्मचारी होते, पण मोठा वाटा इतर रुग्ण आणि रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकांचा होता. संसर्ग नियंत्रणाची परदेशी पुस्तकं डॉक्टर आणि नर्स यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. आपल्या रुग्णालयात मात्र निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. उलटी पुसणं, बेडपॅन देणं, पाणी पाजणं, स्ट्रेचर ढकलणं, नमुन्याची बाटली लॅबमध्ये पोचवणं, हे सारं बायको, भाऊ, मुलगा करतो. उघड्या हातांनी. रक्त, थुंकी, उलटी, लघवी यांच्याशी त्याचा संबंध पुष्कळदा निवासी डॉक्टरपेक्षा जास्त येतो, आणि त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं. रुग्णालय हे कामाचं ठिकाण मानलं तर तिथं बिनपगारी काम करणारा हा सगळ्यात मोठा वर्ग आहे. संरक्षणाच्या कुठल्याही यादीत तो सापडत नाही.

त्याच्या जोडीला रुग्णालयात काम करणाऱ्या मावशी, मामा आणि कंत्राटी सफाई कामगार. प्रशिक्षणाच्या दिवशी हजेरीपटावर सह्या कायम कर्मचाऱ्यांच्या असतात. सांडलेलं रक्त पुसायला बोलावणं येतं ते ज्याचा करार तीन महिन्यांनी संपणार आहे त्याला. हेपॅटायटिस बी ची लस त्याला मिळाली का, सुई टोचली तर कोणाला सांगायचं हे त्याला माहीत आहे का, हे विचारून पाहावं.

निदानाआधी काय करता आलं असतं

निदानाची वाट न पाहता घ्यायच्या काळजीला प्रमाणित दक्षता म्हणतात. मूळ कल्पना साधी आहे : समोरच्या प्रत्येक माणसाचं रक्त, थुंकी, उलटी संसर्गजन्यच आहे असं धरून चालायचं. रिपोर्ट येवो न येवो. रुग्ण मंत्री असो वा मजूर. संशय आल्यावर काळजी घ्यायची, ही आपली रीत नेमकी उलटी आहे.

त्या तरुणाच्या बाबतीत हे कसं दिसलं असतं, ते बघू. तालुका रुग्णालयाच्या दारातच कोणीतरी विचारलं असतं, ताप आणि खोकला आहे का? हो म्हटल्यावर त्याच्याच तोंडाला साधा सर्जिकल मास्क लावला असता. खोकणाऱ्याच्या तोंडावरचा मास्क संसर्ग उगमापाशीच अडवतो, आणि त्याचा खर्च काही रुपयांचा. ग्लानीतल्या, धाप लागलेल्या रुग्णाला मास्क सहन होत नाही हे खरं. मग निदान त्याला गर्दीत थांबवायचं नाही. सीटीला आधी फोन करायचा, जागा रिकामी झाल्यावरच वॉर्डातून काढायचं. सोबत एकच नातेवाईक, त्याला मास्क आणि हातमोजे. रुग्णाजवळ जाणाऱ्या सिस्टरला मास्क, हातमोजे, आणि उलटी-खोकला अंगावर येण्याची शक्यता असेल तर ॲप्रन आणि चष्मा. श्वासनलिकेत नळी घालताना किंवा कफ ओढून काढताना एन-९५ मास्क.

हातांचा मुद्दा सगळ्यांना पाठ असतो, म्हणून तो नीट पाळला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर. शेवटचा प्रसंग सहज हुकतो. रुग्णाला हात लावला नाही, नुसती कॉटची दांडी धरली, मॉनिटरचं बटण दाबलं, म्हणून हात धुतले जात नाहीत. हातमोजे घातले की तर हात धुण्याचा विषयच संपतो. तेच मोजे घालून फाइल, फोन, पुढची कॉट. त्या मोज्यांनी फक्त घालणाऱ्याची भीती कमी केलेली असते.

संरक्षक पोशाख उतरवण्याबद्दलही तसंच. घालणं सोपं आहे. लागण होते ती पाळी संपताना, थकलेल्या माणसाने घाईत तो ओरबाडून काढताना. हातमोजे आधी, मग चष्मा, मग गाऊन आणि मास्क सर्वांत शेवटी, रुग्णाच्या खोलीबाहेर आल्यावर. मध्ये हात स्वच्छ करायचे आणि शेवटी पुन्हा. हे वाचून येत नाही, दुसऱ्या माणसाने समोर उभं राहून पाहायला लागतं.

यातली कुठलीही गोष्ट निपाहसाठी म्हणून करायची नाही. याच कॉरिडॉरमधून टीबी जातो, गोवर जातो, फ्लू जातो. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतली काही रुग्णालयं कर्मचाऱ्यांनाच कोविड झाल्यामुळे बंद करावी लागली, ती याच वाटेने.

नाव सापडल्यावर

२० मेनंतर केरळने जे केलं ते खरोखर नमुनेदार होतं. आरोग्यमंत्री के. के. शैलजा कोझिकोडमध्ये तळ ठोकून बसल्या. मेडिकल कॉलेजात स्वतंत्र विलगीकरण कक्ष उभा राहिला. रुग्णांच्या संपर्कात आलेल्या अडीच हजारांहून अधिक लोकांची यादी झाली. रोज त्यांना फोन जायचा : ताप आहे का? असेल तर घरातच थांबा, गाडी येईल. दुसऱ्या पिढीच्या रुग्णाने पुन्हा स्वतःच्या पायाने ओपीडीच्या रांगेत येऊन उभं राहू नये, हा त्यामागचा मुद्दा होता. एका तालुक्याच्या रुग्णालयात तसं घडलं होतं आणि तिथं पुढची लागण झाली होती.

मृतदेहांबाबतही नियम ठरले. आपल्याकडे अंत्यविधीत शेवटचा स्पर्श असतो, आंघोळ असते, त्यामुळे हे काम सर्वांत अवघड. कोझिकोड महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी दफन आणि दहन स्वतः हजर राहून पार पाडलं. मुस्लिम कुटुंबांशी बोलून, हवाबंद पिशवीत, खोल कबरीत दफनाची वाट काढली. धर्माचा मान राखून संसर्ग अडवता येतो हे तिथं दिसलं.

एक गोष्ट मात्र लाजिरवाणी झाली. पेरांब्रा रुग्णालयातल्या परिचारिकांना बसमध्ये शेजारी कोणी बसेना, रिक्षावाले नेईनात. सहकारी गमावलेल्या बायका रोज कामावर येत होत्या आणि गावाने त्यांनाच रोग ठरवलं. दोन वर्षांनी कोविडमध्ये महाराष्ट्रातल्या सोसायट्यांनीही आपापल्या नर्सताईंशी हेच केलं, त्यांत कितीतरी केरळहून आलेल्या होत्या.

जूनमध्ये नवे रुग्ण थांबले. दोघे बरे झाले, त्यांतली एक नर्सिंगची विद्यार्थिनी. ऑस्ट्रेलियातून मागवलेलं प्रतिपिंडाचं औषध पोचलं तोवर ते देण्याजोगा रुग्ण उरला नव्हता. लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. हा उद्रेक मोडला तो मास्क, साबण, याद्या, फोन आणि वेगळी खोली यांच्या जोरावर.

पुढच्या वर्षांनी काय दाखवलं

जून २०१९ मध्ये एर्नाकुलमला एका विद्यार्थ्याला निपाह झाला. त्याच्यापासून कोणालाही लागण झाली नाही, आणि तो बरा झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये कोझिकोड जिल्ह्यात बारा वर्षांचा मुलगा गेला. पुन्हा दुसरा रुग्ण नाही. निपाह प्रत्येक वेळी सारखा पसरत नाही, खोकला किती आहे यावर बरंच ठरतं, त्यामुळे सगळं श्रेय तयारीला देणं बरोबर नाही. तरी डॉक्टरांच्या मनात आता निपाह हा शब्द तयार होता, हे नाकारता येत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र जुनी गोष्ट परत घडली. कोझिकोडमध्येच ३० ऑगस्टला एक रुग्ण खासगी रुग्णालयात दगावला, मृत्यूचं कारण वेगळंच समजलं गेलं. त्याच रुग्णालयात आपल्या नातेवाइकासोबत आलेल्या दुसऱ्या माणसाला लागण झाली आणि ११ सप्टेंबरला तो गेला. तिथल्या एका आरोग्य कर्मचाऱ्यालाही लागण झाली. एकूण सहा रुग्ण, दोन मृत्यू. पहिल्या माणसाला निपाह होता हे त्याच्या साठवून ठेवलेल्या नमुन्यावरून, तो गेल्यावर कळलं. राज्य अनुभवी, डॉक्टर सावध, पुण्याची प्रयोगशाळा तत्पर, आणि तरीही पहिला रुग्ण नाव न कळता येऊन गेला. तो तसाच येणार, असं धरूनच दाराची व्यवस्था करायला हवी.

एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते, त्यांत निपाहच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाला. महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची नोंद त्या वेळी नव्हती, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण सातारा, वाई किंवा महाडच्या रुग्णालयात उद्या ताप, खोकला आणि ग्लानी घेऊन एखादा तरुण आला, तर त्याला सीटीसाठी कोण घेऊन जाणार, कुठल्या वाटेने, आणि तो किती वेळ कुठे थांबणार, हे त्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीने आजच कागदावर मांडून ठेवायला हवं. त्या बैठकीला स्ट्रेचर ओढणाऱ्या मामांना आणि सफाईच्या कंत्राटी मावशींना खुर्ची द्यावी, कारण ती वाट त्यांच्याइतकी कोणालाच माहीत नसते.